अरे या

१२ फेब्रुवारी १९५४, शुक्रवार. नळाला पाणी साडेसहाला आलं. समोरच्या नव्या इमारतीच्या लोखंडी सांगाड्यावरचा माणूस आज पुन्हा आमच्याकडे तोंड करून "अरे या" ओरडला. १०.०५, १०.२०, ११.४०. तिन्ही वेळा शकुन गॅलरीत.

या बंगाली शहरात, एस्प्लनेडच्या मागच्या आमच्या गल्लीत मराठी घर एकच, आमचं. मग याला मराठी शिकवलं कुणी? शकुन माझ्या दिरांची मुलगी, तेवीस वर्षांची, लग्नाची. मी तिचं गॅलरीत जाणं बंद केलं.

"काकू, तो आठव्या मजल्यावर लटकतोय. बोलावलं तरी जाऊ कशी? उडत?"

"हसण्यावारी नेऊ नकोस."

नऊ दिवसांच्या वेळा उतरवून मी ठेकेदाराला इंग्रजीत पत्र लिहिलं आणि हातोहात पोचवलं. शनिवारी सकाळीच त्या माणसाला खाली उतरवलं. सोमवारी मात्र त्याच्या टोळीतले बाकीचे पाचही जण सांगाड्यावर चढले नाहीत.

मंगळवारी तो दारात आला. श्यामसुंदर माइती, चाळिशीचा. तापलेल्या रिव्हेटांनी हातांवर काळे ठिपके पडलेले. मी दाराची साखळी काढली नाही.

"मासीमा, मी काय बोललो?" त्याने हिंदीत विचारलं.

मी वही वाचून दाखवली. तो गोंधळला, मग हसला. "आरिया! म्हणजे खाली सोड. वर ओढ म्हणजे हाबिस. आमची खलाशांची बोली."

"मग आमच्याकडे का बघतोस?"

"दोराचा रहाट तुमच्या गॅलरीखाली आहे. ओरडायचं तिथल्या माणसाला."

शकुनने गॅलरीतून वाकून पाहिलं. "आहे, काकू."

हाबिस मीही ऐकलं होतं. कळलं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. तरी साखळी तशीच ठेवली.

"बाकीचे पाच काम सोडून का बसले?"

"सगळे माझे भाऊ-पुतणे. रूपनारायणच्या काठी आमचं गाव, घरटी एक जण लोखंडावर चढतो. वर हात धरायला आपलाच माणूस लागतो. रविवारी आम्ही घरी असतो, तेव्हा बायकोसुद्धा भांडत नाही. मनात भांडण घेऊन वर पाय ठेवायचा नसतो. या खेपेला तुमच्या पत्राचं भांडण मनात घेऊन घरी गेलो. उद्या ठेकेदार दुसरी टोळी आणतोय. तुम्ही तोंडाने म्हणा, भांडण नाही."

मी आधी शकुनच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या. दोन्हीकडे काही सापडलं नाही.

साखळी काढली. "भांडण नाही," म्हणाले, आणि ठेकेदारासाठी दुसरं पत्र लिहून दिलं.

तीनला सहाही जण वर होते. ३.१०, हाबिस. ३.२५, आरिया.

संध्याकाळी नोंद केली: शकुनने आपल्या दोन साड्या गॅलरीत वाळत घातल्या. एक वाळली, दुसरी दमट.