चिप नसलेली चावी

आधीच सांगून टाकतो, मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो. कोणी ‘भूत पाहिलं’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो – अर्थिंग तपासलं का? त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. माझी पोरं वाचतील आणि वर्षभर ‘सर, अर्थिंग तपासलं का?’ म्हणून छळतील. छळू देत. जे घडलं ते मी सांगणार आहे, पटवायला बसलेलो नाही.

आम्ही राहतो हिंगोली जिल्ह्यात, गोरेगावच्या बाहेर दोनेक किलोमीटरवर, शेतातच. अशा शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. घरात मी, बायको सुनीता आणि माय. दारात एक जुनी पांढरी पेट्रोल कार. सेकंडहँड घेतलेली, आणि तिच्यासोबत चावी आलेली एकच. ‘दुसरी काढून ठेवा’ असं सुनीता तीन वर्षं सांगत होती आणि मी तीन वर्षं ‘काढू’ म्हणत होतो.

खंडेनवमीला आम्ही विळा, खुरपं, पाना, पक्कड सगळं पाटावर मांडून पूजतो. यंदा मी गाडीची चावीही ठेवली. मायने गाडीला बैलासारखं सजवलं – बॉनेटवर हळदीकुंकू, आत डॅशबोर्डवर स्वस्तिक. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, मी उठायच्या आत तिने पाटावरची झेंडूची फुलं ओंजळीने गोळा केली आणि निर्माल्य म्हणून विहिरीत सोडली. चावी त्या फुलांत होती.

विहीर तुडुंब भरलेली. दोन दिवस गळ टाकला. एक बादली निघाली, कधी पडली ते कोणालाच आठवत नसलेली एक कळशी निघाली... चावी काही निघाली नाही.

आणि मी मायवर ओरडलो. शेजारच्यांसमोर. ‘डोळे फुटले होते का?’ म्हणालो. लिहितानाही लाज वाटते. ती मान खाली घालून आत गेली. मग मी तिच्याशी बोलणंच टाकलं. ताट समोर आलं की जेवायचं आणि उठायचं.

तिसऱ्या दिवशी हिंगोलीहून चावीवाले रफिकभाई आले. माणूस हुशार. कुलपाचा अंदाज घेत, कानस मारत तासाभरात त्यांनी साधी लोखंडी चावी तयार केली. दार उघडलं, स्टेअरिंगचं लॉक निघालं. मग माझ्यासमोर त्यांनी स्टार्टर मारला. इंजिन नुसतंच फिरलं, सुरू झालं नाही. मीटरवर चावीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत होता.

“देखो सर, इसमें चिप नहीं. गाडी इसको पहचानतीच नहीं,” ते म्हणाले. “दरवाजा खोलेगी, बस. चिप नांदेडहून मागवतो. परवा येऊन मशीन लावतो.”

हे मला ठाऊक होतंच. असल्या गाड्यांच्या चावीत चिप असते. गाडी तिचा नंबर वाचते, जुळला तरच पेट्रोल सोडते. तरी मी त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी दहा-बारा वेळा फिरवून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

त्याच दुपारी, दोनच्या सुमाराला, सुनीताने हाक मारली. माय ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. अंग घामाने चिंब, डावा हात उजव्या हाताने दाबून धरलेला.

“छातीवर पाटा ठेवल्यावानी वाटून राहिलं रे,” ती म्हणाली. तीन दिवसांत आमच्यातलं हे पहिलं बोलणं.

ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती साखऱ्याहून एका बाळंतिणीला घेऊन निघाली होती – तासभर तरी लागेल म्हणाले. जीपवाल्यांना फोन केले. एकही जीप गावात नव्हती. मोटरसायकलवर या अवस्थेत तिला बसवणार कसं? शेवटी मी शेजारच्या शिवराममामांना ओरडून सांगितलं, ट्रॅक्टर आणा, गाडी दोरीने ओढत गावापर्यंत तरी नेऊ, तिथे रस्त्यावर पुढे जाणारी एखादी गाडी मिळेल. मायला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागे केली. सुनीता मागे बसली. मी चावी लावली ती फक्त स्टेअरिंग मोकळं करायला.

मायने हात पुढे करून डॅशबोर्डवर ठेवला, त्या स्वस्तिकावर. आणि गाडीशी बोलली. गोठ्यातल्या गाईशी बोलते ना, तशी.

“चल माय. काहून रुसून राहिली? चूक माही हाय... माह्या लेकराची न्हाई.”

इंजिन सुरू झालं.

मी चावी स्टार्टरपर्यंत नेली नव्हती, असं माझ्या हाताला पक्कं आठवतं. पण त्या घाईत काय झालं असेल... यावर मी शपथ घेणार नाही. शपथ घेईन ती एकाच गोष्टीवर – लाल दिवा लुकलुकतच होता. गाडी मला सांगत होती की ही चावी मी ओळखत नाही, आणि चालत होती.

समोरून शिवराममामा ट्रॅक्टर घेऊन येत होते. आम्हाला पाहून त्यांनी ट्रॅक्टर बांधावर घातला आणि नुसते बघत राहिले.

हिंगोलीपर्यंत पाऊण तास. सोयाबीनने भरलेले ट्रॅक्टर, खड्डे, स्पीडब्रेकर. एकदाही इंजिन अडखळलं नाही. मी ब्रेकवर पाय ठेवायलाही घाबरत होतो. माय डोळे मिटून होती, पण हात तसाच डॅशबोर्डवर. मागून सुनीता म्हणाली, “आत्याबाई, हात खाली घ्या, दुखंल.” मायने मान हलवली – नाही.

दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आलं. दोघांनी मायला उचललं. तिचा हात डॅशबोर्डवरून सुटला आणि इंजिन बंद पडलं. मी चावीला हात लावलेला नव्हता. का कोण जाणे, मी स्टेअरिंगला हात जोडले. मी! मग स्ट्रेचरमागे पळालो.

हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं. ॲम्ब्युलन्स आमच्या आखाड्यावर किती वाजता पोचली ते शिवराममामांनी नंतर सांगितलं. मी हिशोब केला नाही. करायची हिंमत झाली नाही.

गाडी दारातून ढकलून बाजूला करावी लागली. दुसऱ्या दिवशी रफिकभाई चिप आणि मशीन घेऊन दवाखान्यातच आले.

“टो करके लाए क्या?”

“चालवत आणली. तुमच्या चावीने.”

ते हसले. मी हसलो नाही. मग त्यांनी ती लोखंडी चावी घेऊन पाच-सहा वेळा फिरवली. इंजिन नुसतंच फिरत राहिलं. मशीन जोडून पाहिलं – गाडीच्या नोंदीत एकच चावी, विहिरीत गेलेली. सिस्टीम शाबूत, फॉल्ट एकही नाही. रफिकभाईंनी टोपी नीट केली आणि हळूच विचारलं, “अम्मा को मिल सकता क्या?”

आमच्या आयटीआयतले सहकारी सांगतात, काँटॅक्ट लूज असेल. मी हेच शिकवतो, म्हणून सांगतो – काँटॅक्ट लूज असला तर चालती गाडी बंद पडते. लॉक झालेली गाडी पाऊण तास चालत नाही. त्या मॉडेलचं वायरिंग डायग्राम मी आणून रात्र-रात्र बघितलंय. कुणाला कारण सापडलं तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने ऐकेन.

आयसीयूत पहिल्यांदा आत सोडलं तेव्हा मी मायचा हात धरला. गाडीबद्दलच विचारायचं ठरवून गेलो होतो. तोंडून निघालं ते वेगळंच. “माय, मी लई वाईट बोललो तुला.”

तिने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता.

“ते राहू दे,” म्हणाली. “तीन दिस धड जेवला न्हाईस तू. आधी जेवून ये.”