प्लगसमोरची खुर्ची

आधी कबूल करून टाकते: नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात, वीस पोरं कामाला बसलेली असताना, मी कॉलेजच्या सर्व्हरचा प्लग उपटला. कारण काय, तर आभाळ गडगडलं! जळकोटला आमच्या घरी ढग वाजला की वडील आधी टीव्हीची वायर काढायचे. विष्णुपुरीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅब असिस्टंट म्हणून लागले ती एवढ्याच ज्ञानावर. तोरा मात्र असा, जणू मशीन मीच जन्माला घातलंय.

त्या एकाच मशीनवर चालणारे वीसही पडदे काळे झाले आणि मी कमरेवर हात ठेवून म्हणते, "भिऊ नका, वाचवलं मी मशीन!"

मशीन पुन्हा लावलं तर डिस्क तपासण्यातच त्याचा तास गेला. शेवटच्या वर्षाला देवणीकडची एक मुलगी होती. तिच्या प्रोजेक्टची फाईल सापडली, पण आत एक अक्षर न्हाई.

"मी तर आत्ताच सेव्ह केलतं," ती म्हणाली.

आमच्या लॅबच्या सरांनी मग मला समजावलं, की सेव्ह केलेलं हे मशीन आधी डोक्यात धरतं आणि डिस्कवर सावकाश उतरवतं. मधेच वीज तोडली की गेलं.

पोरगी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी पंख्याखालची जागा सोडून कोपऱ्यातल्या टर्मिनलवर आली, थेट सर्व्हरच्या प्लगसमोर खुर्ची मांडली आणि सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं. मी जवळून गेले की पाय आखडायच्या ऐवजी पसरायची!

मला लई लागलं ते. मशीन बंद करायची रीत मी कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून काढली आणि रविवारी रिकाम्या लॅबमध्ये सरांसमोर गिरवली. आता लातूरला नातवंडं बटण दाबून धरून कॉम्प्युटर बंद करायला गेली, की मी हातावर चापट देते ती त्या रविवारांच्या जोरावर.

तिचं प्रोजेक्ट दाखवायच्या आदल्या दिवशी पुन्हा गडगडलं. लाईट गेली, यूपीएस ओरडायला लागला. बॅटरी जेमतेम पंधरा मिनिटांची.

"मॅडम, प्लगला हात लावू नका!" तिनं दोन्ही पाय भिंतीला लावले.

"पाय राहू दे तिथंच. मला कीबोर्ड पुरे."

मशीनवर कोण कोण काम करतंय त्याची यादी आधी पाहिली. अठरा जण. मशीनला दहा मिनिटांनी बंद व्हायचा हुकूम दिला आणि त्यातच निरोप लिहिला, काम सेव्ह करा, मशीनमधून बाहेर पडा. तो एकदम सगळ्यांच्या पडद्यावर उमटला. एकेक जण निघाला. पुन्हा यादी पाहिली, तर मी आणि ती.

"पाच मिनिटं द्या."

"चार घे."

चौथ्या मिनिटाला ती बाहेर पडली. वेळ झाली तसं मशीननं एकेक काम मिटवलं, डोक्यातलं सगळं डिस्कवर उतरवलं, डिस्कवरचा ताबा सोडला. माझा हात बटणाकडं शिवशिवत होता, पण थांबल्याची शेवटची ओळ येईपर्यंत मी तो मांडीखाली दाबून ठेवला. मग बटण.

तासाभरानं लाईट आली. मशीन चालू केलं, तर या वेळी तपासणी न्हाई की तक्रार न्हाई, सरळ लॉगिनचं नाव विचारायला हजर! मी दारात उभ्या सरांकडं असं पाहिलं की काय सांगू.

मुलीनं फाईल उघडली, शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग उठून खुर्ची उचलली.

"मॅडम, मी माझ्या जुन्या जागेवर जाते. इथं पंख्याचं वारं लागत न्हाई."