प्लास्टर निघेपर्यंत

माझ्या आईने सोळा वर्षं देवाकडे एकच गोष्ट मागितली: नवऱ्याचा हात थांबू दे. देवाने सोळा वर्षं विचार केला.

आम्ही विठ्ठलवाडीला चाळीत राहायचो. बाप उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात यंत्रावर पलंगाचे पाय कातायचा. लाकूड आंब्याचं, पॉलिश सागवानी. त्या कामाने त्याचे दंड घडवले होते आणि घरी आल्यावर तो ते रिकामे ठेवत नसे. आईचा डावा कान त्यातच गेला. एकदा त्याने तिचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं; भुवईवर सात टाके पडले. दवाखान्यात ती सांगायची, "बाथरूममध्ये घसरले." डॉक्टर तसंच लिहून घ्यायचे. एकदा चौकीवरही गेली. साहेबांनी पाणी पाजलं आणि सल्ला दिला, घरातलं घरात मिटवा. घरातच तर चाललं होतं.

मी तीन वर्षांचा असताना शेजारणीने तिला प्रार्थनेला नेलं आणि ती विश्वासी झाली. ख्रिस्ती झाली असं कोणी म्हणत नसे, विश्वासी. सगळ्यांनी तिला शहाणपण शिकवून पाहिलं. मावशी म्हणायची, "इतकी वर्षं एकाच दुकानात उभी आहेस, माल काय मिळत नाही. दुकान बदल की!"

"तू चार बदललीस. तुला मिळाला?"

मावशीचा नवराही मारायचा. ती चहा गाळायला उठली.

मी तर कॉलेजात गेल्या गेल्या नास्तिक झालो होतो. त्याला वाचनालयातली तीन पुस्तकं पुरली. आईला मी पटवून द्यायचो की वर कोणी नाही. ती भाकरी थापत म्हणायची, "नसेल तर नसू दे. मी काय त्याला त्रास देते?"

तिची सभा एका पडद्यांच्या दुकानाच्या वर भरायची. तिथे दर रविवारी साक्ष असे. म्हणजे एकेकाने उभं राहून सांगायचं, प्रभूने या आठवड्यात आपल्यासाठी काय केलं. कोणाचा मुतखडा पडलेला असे, कोणाच्या मुलाला दुबईचा व्हिसा मिळालेला. टाळ्या, हालेलुया. मग आई उठायची. "प्रभूची स्तुती असो. या आठवड्यात दोनदा मारलं. प्रार्थना करत राहा." आणि खाली बसायची. हॉलमध्ये खोकल्याची साथ यायची आणि पास्टर घाईघाईने गाणं सुरू करायचे. एकांतात त्यांनी तिला समजावलं होतं की साक्ष ही विजयाची असते. ती म्हणाली, "विजय झाला की तीपण देईन."

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. रविवारी दुपारी ती सभेवरून आली. बाप पिऊन बसला होता.

"आली का मिटिंग करून? काय सांगितलंस आज माझं? सगळ्या उल्हासनगरात माझं नाव करतेस काय?"

"खरं तेच सांगितलं."

त्याने तिच्या पोटात लाथ घातली. ती पडल्यावर केस धरून तिला उंबऱ्यापर्यंत ओढलं. "बोलव तुझ्या येशूला! बोलव! मी घरीच हाय!" तिच्या ओठातून रक्त गळत होतं. कोपऱ्यात त्याने कारखान्यातून आणलेला पलंगाचा एक बिनपॉलिशचा पाय पडला होता. मी तो उचलला. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा अडवायला त्याने हात वर केला आणि मनगटाचा आवाज मी ऐकला. तो खाली बसला. बसलेल्या माणसाच्या पाठीत मी तिसरा घातला. मला बरं वाटत होतं, हे लिहून ठेवलं पाहिजे. चौथ्यासाठी हात उचलला तेव्हा आई माझ्या गुडघ्यांना मिठी मारून पडली होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाप म्हणाला, "बाथरूममध्ये घसरलो." आमच्या घरात हे वाक्य आईचं होतं. त्या दिवशी त्याने ते वापरायला घेतलं.

हात दीड महिना प्लास्टरमध्ये राहणार होता. मारायची सोय उरली नाही आणि माझ्याकडे बघून त्याची दारूही जरा कमी झाली. पास्टर फळं घेऊन भेटायला आले, प्लास्टर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "देवाने हात बांधला, ताई! तुमच्या प्रार्थनेचं उत्तर!" आई म्हणाली, "तसं नाही, ऐका तरी..." पण त्यांना पुढे जायचं होतं.

पंधरा दिवसांनी सभेचा वर्धापनदिन होता. लग्नाचा हॉल, मरून सोफे, फ्लेक्सवर पास्टर आणि प्रमुख पाहुणे येशूपेक्षा मोठे. पाहुण्यांचा सत्कार झाला. विश्वासी असल्यामुळे श्रीफळ वगळलं होतं, बाकी शाल, गुच्छ, हार, सगळं होतं. मग पास्टरांनी माईकवरून सांगितलं, आता एक भगिनी सोळा वर्षांच्या प्रार्थनेचं फळ सांगणार आहे. मी मागच्या रांगेत होतो. ती खोटं बोलेल म्हणून मला घाम फुटला होता. खरं बोलेल म्हणून जास्त.

तिने माईक दोन्ही हातांनी धरला.

"प्रभूची स्तुती असो. पास्टर म्हणतात, देवाने माझ्या नवऱ्याचा हात बांधला. देवाने नाही. माझ्या पोराने मोडला. तीन फटके मारले, चौथा मी अडवला. मारताना त्याचं तोंड त्याच्या बापासारखं दिसत होतं. नवरा सध्या मारत नाही, कारण प्लास्टर आहे. प्लास्टर निघालं की कळेल. आतापर्यंत एकासाठी मागत होते. आता दोघांसाठी मागते. प्रार्थना करा."

इकोमुळे तिचं "करा" हॉलभर फिरत राहिलं. पाहुण्यांनी शाल सावरली. ढोलकवाल्याला प्रसंगावधान होतं, त्याने ठेका धरला. त्यानंतर सभेत नियम झाला, साक्ष आधी पास्टरांना दाखवायची. आई कोणाला दाखवत नसे. उभी राहायची आणि बोलायची.

मी तिच्याशी आठवडाभर बोललो नाही. बापाशी तुलना झाली होती; एवढी पुस्तकं वाचून.

प्लास्टर एका गुरुवारी निघालं. हात बारीक झाला होता, पांढरा, सुरकुतलेला. बाप दुपारभर मूठ उघडत-मिटत बसला. संध्याकाळी आईने ताट वाढलं, तेव्हा म्हणाला, "स्टेजवर चढून इज्जत काढलीस ना माझी?" आणि उठून तिच्या तोंडात मारली. मनगटातून कळ गेली असावी, कारण किंचाळला तो. पुढची त्याने डाव्या हाताने मारली. ती भिंतीवर आदळली.

मी उठलो. बत्ता हाताशी होता, तो माझ्या मुठीत आला. आई मध्ये आली. गाल सुजत होता, आणि ती त्याच्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून माझ्याकडे तोंड करून उभी होती.

"बाजूला हो, आई."

"नाही."

"परत मारेल तुला."

"मारेल. त्याचं मी बघते. तू मारू नको."

तिच्या मागून तो शिव्या देत होता. माझा हात वरच होता. तिने डोळे मिटले नाहीत, प्रार्थनाही पुटपुटली नाही. नुसती उभी राहिली. मी बत्ता खाली ठेवला, तिचा दंड धरला आणि तिला दाराबाहेर काढलं. त्या रात्री आम्ही मावशीकडे राहिलो. पुढे खरवईला खोली घेतली. नवऱ्याला तिने सोडलं. त्याच्यासाठीची प्रार्थना सोबत आणली.

प्लास्टर निघाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी तिला मावशीकडून सभेला पोचवायला गेलो. वर नाही गेलो, जिन्यात चपलांच्या ढिगापाशी थांबलो. तिचा आवाज आला.

"प्रभूची स्तुती असो. या आठवड्यात नवऱ्याने मारलं. पोराने नाही मारलं."

खोकला ऐकू आला नाही. टाळ्याही नाहीत. ती सभा संपायच्या आधीच खाली आली.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग उभा काय राहिलास खांबासारखा? माझी चप्पल शोध."