कोळशासाठी गाऱ्हाणं

माझी सवत काळी होती. तिला तोंड नव्हतं की हातपाय नव्हते, पण माझा नवरा तिने वर्षानुवर्षं स्वतःकडे ठेवून घेतला. पुरुषमाणूस बाहेर रमला तर गावातल्या चार बाया निदान येऊन हळहळतात. माझ्यासाठी कोणी हळहळत नसे, कारण तिच्याच जिवावर आमच्या घरात दोन वेळचा भात शिजतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही सवत म्हणजे दगडी कोळसा.

आमचे हे विलायतेच्या बोटीवर आगवाले होते. त्यांचं नाव मी तेव्हा घेत नव्हते, आता या वयात तरी कशाला घेऊ? इथेही ‘हे’च म्हणते. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात, भट्टीच्या तोंडाशी उभा राहून फावड्याने कोळसा मारणारा माणूस. दीड-दोन वर्षांनी बोट मुंबईला लागली आणि सुटका झाली की हे किनाऱ्याच्या आगबोटीने रत्नागिरीला येत, महिना-दोन महिने राहत आणि पुन्हा जात. मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागची ही वर्षं. तोपर्यंत आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण एकत्र राहिल्याचे दिवस जोडले तर त्यांचा एक धड संसार झाला नसता.

घर मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, टेकाडावर. चिऱ्याच्या भिंती, पुढे सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, आणि खळ्यातून सरळ दर्या. घरात मी आणि मामंजी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मामंजी स्वभावाने वाईट नव्हते, पण सून-सासऱ्यांनी बोलायचं तरी काय? “पान वाढू?” “वाढ.” “भात घालू?” “पुरे.” एवढ्यात दिवस संपे. पाळणा हलला नाही. पाण्यावर बायका खोदून विचारत, तेव्हा मी म्हणायची, “हलवणारा एडनला आहे, तिकडे जाऊन विचारा.” त्या हसत, मीही हसे. मग घरी येऊन हंडा उतरवला की रडू फुटे. मला एकटं वाटे. दुसरा शब्द शोधायचं कारण नाही, एकटंच वाटे.

संध्याकाळी दर्यावर लांबून धूर दिसला की मी खळ्यात येऊन उभी राही. ती बोट ह्यांची नाही हे मला कळत होतं. ह्यांची बोट आमच्या किनाऱ्याला कशाला येईल? तरी त्या धुराखाली कोणीतरी असाच कोणाचा तरी नवरा फावडं मारत असणार, एवढं मनात येई आणि हातातलं काम तसंच राही.

एका खेपेला ह्यांनी कोळशाचा एक मुठीएवढा खडा आणला. विलायतेच्या खाणीतला, चकचकीत, आपल्या लाकडी कोळशाहून किती तरी जड. “बग, ह्याच्यावर आपलं घर चालतं,” म्हणाले आणि त्यांनी तो भिंतीतल्या देवळीत, पणतीच्या शेजारी ठेवला. हे गेल्यावर मी तो उचलून चुलीमागे टाकला. मामंजींनी काही न बोलता तो धुऊन परत देवळीत ठेवला. दोनदा असं झाल्यावर मी नाद सोडला. सवत देवळीत बसली ती बसलीच.

मग एका शिमग्याला शेजारचा मुलगा मुंबईहून आला. तो गोदीत कामाला होता. त्याने आमच्या ओटीवर सगळ्यांसमोर बातमी फोडली: बोटी आता तेलावर चालायला लागल्या. “नळ फिरवला की आग! फावडं नको, राख नको. जिथं दहा आगवाले लागायचे तिथं दोघं बस झाले.” ज्यांच्या घरचं कोणी बोटीवर होतं त्यांचे चेहरे पडले. शाळेचे गुरुजी तिथेच बसले होते. ते वर्तमानपत्र वाचत, त्यामुळे त्यांना जगाची काळजी असे. ते म्हणाले, “घाबरू नका. जमिनीखाली इतका कोळसा आहे की आपले खापरपणतू जाळत बसले तरी संपायचा नाही.”

मामंजी तरुणपणी शिडाच्या गलबतावर होते. खारकांचा, कौलांचा माल त्यांनी वाऱ्यावर वाहून नेला होता. ते सुपारी कातरता कातरता म्हणाले, “गुरुजी, वारा संपला काय?”

“म्हणजे?”

“वारा तवाबी व्हता, आताबी हाय. तरी शिडं गेली. कोळसा जमिनीत पडून ऱ्हाईल ओ. आमचा पोरगा खुटं जाईल?”

मी दाराआडून ऐकत होते आणि माझ्या मनात, खरं सांगते, उकळ्या फुटत होत्या. पोरगा कुठे जाईल? घरी येईल! एवढी साधी गोष्ट या शहाण्या माणसांना कशी सुचत नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे माणसाला ताप आला, म्हैस आटली, होडी हरवली, की गुरवाकडे नारळ द्यायचा. गुरव देवासमोर उभा राहून मोठ्याने सगळी हकिगत सांगतो आणि मागे जमलेली माणसं त्याच्या प्रत्येक मागण्याला “होय म्हाराजा” म्हणतात. एकट्याचं मागणं देवाला ऐकू गेलं नाही तरी सगळ्यांचं जाईल, असा हिशेब. पुरुष पुढे, आम्ही बायका खांबांमागे.

गुरवाने नारळ हातात घेतला. “बा देवा म्हाराजा! आज ह्या तुज्या लेकरानं तुज्या पायाशी नारळ ठेवलाय. त्येचा पोर आगबोटीच्या पोटात, आगीच्या तोंडाशी उभा हाय. त्या आगीला कोळसा कमी पडू देव नको, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“ह्ये तेलाचं जे काय नवं आलं आसंल, त्ये दर्याच्या पल्याड ठेव, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

सगळं देऊळ बोललं. शेजारची म्हातारी, जिला देव कुठल्या दिशेला आहे हे दिसतही नव्हतं, तीसुद्धा बोलली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. ज्या मागण्याने माझा नवरा दर्यावरच राहणार, त्याला होय कशी म्हणू? मला कोणी विचारलं नव्हतं. मग माझं होयही कोणाला मिळणार नाही. या गोष्टीचा मला पुढेही कधी पस्तावा झाला नाही. देवाला कळलं असेल तर कळो.

आणि देवाने माझं न बोललेलंच ऐकलं म्हणायचं. पुढच्या वर्षी पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीने हे आले, ते वळकटी, पत्र्याची पेटी, सगळं घेऊन. त्यांच्या कंपनीने बोट तेलावर केली होती आणि बहुतेक आगवाल्यांना मुंबईत उतरवून दिलं होतं. मामंजी डोक्याला हात लावून ओटीवर बसले. मी आत गेले आणि नारळ फोडला. काय करणार, आनंद व्हायचा तो झालाच.

तो सगळा पावसाळा हे घरात होते. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर आषाढ पाहिला. पहिल्या आठ दिवसांतच आमचं भांडण झालं, तेही चुलीवरून. जन्मभर भट्टी सांभाळलेल्या माणसाला माझी चूल बघवेना. “किती कोंबतेस? आग पातळ पसर. खालची राख काढ आदी, तिला श्वास घेव दे.” माझी फुंकणी त्यांनी काढून माळ्यावर टाकली. नीट लावलेल्या आगीला फुंकर लागत नाही म्हणाले. ओली लाकडं चुलीभोवती उभी करून वाळवायची, नारळाची सोडणं कधी सारायची, झावळ कधी, सगळा कायदा. घराची मालकीण मी, आणि मलाच चुलीपाशी जायची चोरी! शेजारणी येऊन तोंडाला पदर लावून बघत, की हिचा घो रांधतोय. पण धूर खरंच नाहीसा झाला. माझे डोळे इतक्या वर्षांत पहिल्यांदा निवले. भात शिजेपर्यंत आम्ही दोघं चुलीपाशी बसून राहत असू. बोलणं फार नसे. तेवढं सुख मला पुष्कळ होतं.

एकदा पावसाची झड लागली. सगळं सरपण भिजलं. मी चेष्टेने म्हटलं, “तुमचा तो देवळीतला खडा घाला. बसून खातोय नुसता.”

हे हसले. खडा हातात घेऊन त्यांनी फिरवून पाहिला. “ह्यो चुलीत पेटायचा नाय. आन् एकटा तर नायच नाय. भट्टीतनं एक जळता कोळसा बाजूला काढून ठेवला ना, तर घटकाभरात विझून जातो. चौघांत पडला तरच जळतो.”

“मग माणसापेक्षा शहाणा म्हणायचा,” मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि खडा परत जागेवर ठेवला. माझ्या मनात काय होतं ते त्यांना कळलं की नाही, कोण जाणे. त्यांच्या मनात काय होतं ते मलाही कळलं नाही.

श्रावण लागला तशी घरातली चणचण दिसायला लागली. हे मिरकरवाड्यात मच्छीमारांकडे काम मागायला गेले. पण जाळ्याचं काम लहानपणापासून हातात बसावं लागतं. त्यांच्या जाड, भाजलेल्या बोटांत दोरा ठरेना. तिथली माणसं हसली नाहीत, पण दुसऱ्या दिवशी कोणी बोलावलंही नाही. मग हे दुपारभर खळ्यात बसून दर्याकडे बघत. मी विचारलं की म्हणत, “काय नाय.” मी त्या बघण्याचा अर्थ लावला. वाटलं, ह्यांचा जीव तिकडेच आहे. चूल ही त्यांना खेळातली भट्टी आहे. मी एक माणूस धरून ठेवलंय, आणि ते माझ्या घरात विझत चाललंय.

नारळी पौर्णिमा झाली, आगबोटी सुरू झाल्या, आणि शेजारच्या मुलाचा निरोप आला. एका जुन्या मालवाहू बोटीवर आगवाले हवे होते. बोट इतकी जुनी की तिला तेलावर करायचा खर्च मालक करणार नाही. भंगारात जाईपर्यंत कोळसाच खाणार. मामंजी म्हणाले, “जा.” हे म्हणाले, “बगू.” दोन दिवस हे ‘बगू’च चाललं. हे माझ्याकडे बघत आणि मी भांड्यांकडे.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः गुरवाकडे नारळ घेऊन गेले. तो चकित झाला. सून कधी गाऱ्हाणं सांगायला येते का? म्हणाला, “काय मागू?”

मी म्हटलं, “कोळसा ऱ्हाऊ दे, म्हणून माग. त्यांची बोट कोळशावर चालू दे.”

हे मागणं माझ्या मनाचं नव्हतं. पण मला वाटलं, ज्याच्यासाठी मागायचं त्याचं भलं मागावं, आपलं नव्हे.

संध्याकाळी माणसं जमली. पुढे मामंजी, त्यांच्या शेजारी हे, नवं धोतर नेसून. मी खांबाआड. गुरवाने नारळ उचलला. “बा देवा म्हाराजा! ह्या घरची लक्षुमी आज तुज्यापुढं आलीय. तिच्या धन्याची बोट कोळशावर चालू ऱ्हाऊ दे, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” मी म्हटलं. बायकांत सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. गेल्या वेळेचंही भरून निघेल इतक्या मोठ्याने.

आणि त्याच वेळी माझ्या लक्षात आलं, की सगळ्यांचे आवाज आले, मामंजींचा चिरका आवाजही आला, पण ह्यांचा आला नाही. मला वाटलं चुकून राहिलं असेल. गुरव पुढे म्हणाला, “त्येला दर्यावर बरकत दे, म्हाराजा!” मी या वेळी बोलले नाही, नुसती ऐकत राहिले. सगळं देऊळ होय म्हणालं. हे हात जोडून उभे होते, मान खाली, आणि ओठ मिटलेले.

त्या मिटलेल्या ओठांचा अर्थ या देवळात एका माणसाला माहीत होता.

घरी जाताना मामंजी मध्ये चालत होते, हे पुढे, मी मागे. पायवाट अरुंद, दोघं बरोबरीने चालतील अशी नाही. मी मनात वाक्य जुळवत होते: जाऊ नका. एवढंच. पण गाऱ्हाणं घालून झालं होतं, गावाने होय म्हटलं होतं, आणि ते मागणारी मी होते. सकाळी ह्यांनी चूल पेटवली, पातळ पसरून, बिनधुराची. माळ्यावरची फुंकणी काढून त्यांनी माझ्या हाताशी ठेवली. मग वळकटी उचलली. बंदरावर मी गेले नाही. खळ्यातून पाहिलं: पडावाची होडी माणसं घेऊन आगबोटीला लागली, परतली, आणि धूर उत्तरेकडे गेला.

देवाने त्या खेपेला आमचं ऐकलं. ती बोट शेवटपर्यंत कोळशावरच चालली. कितीतरी वर्षं चालली.