कोणती मावशी?

आपल्या मराठी माणसाचं एक बरं असतं. बाई दिसली की मावशी! भांडीवाली मावशी, फुलवाली मावशी, रिक्षात सरकून जागा देणारी तीही मावशी. या एका शब्दापायी आमच्या बालगृहातली चार वर्षांची पोर नको तिथे जायची वेळ आली होती.

मी बाल संरक्षणाच्या कामात समाजसेविका आहे. राहते कामोठ्याला, पण पायाला भिंगरी. ही पोर आमच्याकडे आली ती तिची आई दवाखान्यात वारल्यावर. आई कळंबोलीला ट्रकच्या यार्डाजवळ ड्रायव्हर लोकांच्या खानावळीत पोळ्या लाटायची. तापातच कामावर आली, तिथेच कोसळली, आणि नेमकी त्या दिवशी लेक तिच्याबरोबर होती. बाप आधीच परागंदा. आईची रूम कुठे, ते खानावळीत कुणालाच सांगता येईना. आधारकार्डावर पत्ता लातूरकडच्या गावचा.

पोरीचा दिवसभर एकच धोशा. "मना मावशीकं जावाचं हाय."

आता बालगृहात मुलांना सांभाळणाऱ्या बाईंनाही सगळे मावशीच म्हणतात. त्या बिचाऱ्या हातातलं काम टाकून धावत यायच्या, "आले गं माझे बाय!" उचलून घेतलं की पोर आणखीच भोकाड पसरायची. पाणी दिलं, बिस्किट दिलं, शू करवली. काही नाही. "ताई, ही मलाच बोलावते आणि मलाच लाथा मारते!" असं म्हणत त्या माझ्यापुढे रडकुंडीला यायच्या. मला हसू यायचं आणि स्वतःचा रागही यायचा.

तेवढ्यात आईच्या मोबाइलवरून एक नंबर लागला. पलीकडे कोण, तर आईची थोरली बहीण. सख्खी मावशी! ऑफिसात आनंदीआनंद. पोर इतके दिवस हिच्याच नावाने टाहो फोडत होती की हो! बालकल्याण समितीच्या अध्यक्षा मॅडम म्हणाल्या, "माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही." एरवी ही म्हण माझ्याही तोंडात असते. पण त्या वेळी तिचा पहिला अर्धा भाग मला ऐकवेना.

बहीण रात्रभर एसटीत बसून आली. फडक्यात बांधलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पोरीला फ्रॉक. डोळे कोरडे. बातमी कळल्यापासून नुसती पळत होती: नवऱ्याला पटवा, सासूला समजावा, तलाठ्याकडून दाखला आणा. "लेकरू उघड्यावर कसं टाकू, बाई? माझी तीन हायती, त्यात चौथं," एवढंच म्हणाली. मला ती बाई फार आवडली. दुसऱ्या दिवशी समितीसमोर आदेश व्हायचा आणि तिथूनच दोघी गावाला निघायच्या.

पोरीला तिच्यासमोर आणलं. मी लाडात म्हटलं, "बघ, कोण आलं? मावशी!"

पोरीने खोलीभर बघितलं, दाराबाहेर बघितलं. मग त्या बहिणीचा हात धरून नाकाशी नेला, हुंगला आणि सोडून दिला. "हिच्या हाताला म्हावऱ्याचा वास नाय. ही मावशी नाय."

कपाळ माझं! लातूरच्या बाईची लेक कोळ्यांसारखं "मना जावाचं" बोलते, मासळीला म्हावरं म्हणते, आणि आम्ही शिकले-सवरलेले लोक मावशी म्हणजे आईची बहीण हे धरून बसलो होतो. मी बहिणीला विचारलं, "रूमबद्दल फोनवर कधी काही बोलली होती का?" ती विचार करून म्हणाली, "खाडी हाय म्हणायची. दारातून होड्या दिसत्यात म्हणायची."

खाडीवरचा जवळचा कोळीवाडा म्हणजे दिवाळे गाव. तशीच रिक्षा केली आणि ते गाठलं. बोंबील वाळत घातले होते तिथे पहिल्याच बाईला मोबाइलवरचा पोरीचा फोटो दाखवला. तिने हाक मारून एका कोळणीला बोलावलं. पन्नाशीची, दांडगी, हातात कोयता तसाच. फोटो बघितला आणि माझ्यावरच कडाडली, "आता आलीव व्हय? पोर जेवली का नाय?"

आई तिच्याच खोलीत भाड्याने राहायची. सकाळी पोरीला हिच्याकडे सोडून कामाला जायची. पोर हिच्या टोपलीशेजारी बसून मोठी झालेली. त्या रात्री दोघी परतल्या नाहीत तशी ही शोधत शोधत दवाखान्यात पोचली, आई गेल्याचं तिथे कळलं तेव्हा तिने पोर मागितली होती.

"कोन लागतंस म्हनून विचारलान. मी सांगितला, मावशी. तं म्हनतान, सख्खी का? मी बोलली, नाय. जा मंग घरी, म्हनले."

"अहो, मग हो म्हणायचं ना!" माझ्या तोंडून निघून गेलं. काय हे माझं बोलणं, आणि तेही कायद्याचं काम करणाऱ्या बाईचं!

"खोटा बोलून पोर आनायची?" ती म्हणाली. मी तिचं नाव लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी समितीपुढे यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे दोघी शेजारी शेजारी बसल्या. आत आणल्याबरोबर पोर जी धावली ती थेट कोळणीच्या मांडीत, आणि तोंड पदरात खुपसून बसली. तिची मर्जी वेगळी विचारायची गरजच उरली नाही. पण मला धाकधूक होती. एकीकडे रक्ताचं नातं, घरदार, न्यायला आलेली मावशी, दुसरीकडे घरमालकीण. सख्खी मावशी हटून बसली असती तर पोर तिच्याकडेच गेली असती.

मॅडमनी कोळणीला विचारलं, "मुलीच्या आईचं आणि तुमचं नातं काय?"

कोळीण पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलून एकदा पोर गमावली होती. तेवढ्यात शेजारून बहीण ठाम आवाजात म्हणाली, "आमची थोरली बहीण हाय ती. माझ्याहून थोरली."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग सांगितलं, की कायद्याला रक्ताचंच नातं लागतं असं नाही. चौकशीत योग्य ठरलेल्या व्यक्तीकडे मूल सांभाळायला देता येतं. पोर दिवाळ्यातच राहील, सुट्टीत लातूरला जाईल, आणि घरी जाऊन बघत राहायची जबाबदारी माझी. मी तर तिथेच डोळे पुसले, लाज कसली!

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. बहीण पिशवीतून भाकरी काढून कोळणीच्या हातात देत होती. कोळणीने भाकरीसकट तिचा हात धरून ठेवला. मग हळूच म्हणाली, "मंग गो, जी गेली... ती माझी बी बहीनच व्हती ना?"

बहिणीने मान हलवली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हंबरडा फोडला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून त्या पोळ्या लाटणाऱ्या बाईसाठी रडल्या. तोवर तिच्यासाठी कुणी रडलंच नव्हतं.