नडगीवरचा चिखल

...तर काल गोष्ट अर्धी ठेवून आपण उठलो तेव्हा अंकुश सिद्धप्पाच्या उकिरड्यापाशी उभा होता. निजामाच्या फौजेतला हा आमच्या बीदरकडच्या मेहकरचा गडी. भादव्यात फौजेनं हत्यारं टाकली, लढाई सरली, आणि हा बीदरहून पायी गावाकडं निघाला. खरी धास्ती पुढंच होती. गावाला खाकी म्हणजे रझाकार. फौज वेगळी, रझाकार वेगळे, हे रझाकारांनी जाळलेल्या गंजीपुढं कोण ऐकून घेणार?

वाटेवरच्या गावातल्या, मायच्या ओळखीच्या सिद्धप्पानं त्याची वर्दी उकिरड्यात पुरली, आपलं धोतर दिलं. वर बजावलं, "तम्मा, माझ्या भावा, तुझ्या मायनं गावात सांगितलंय, पोरगं कलबुर्ग्याला गिरणीत हाय म्हणून. तिला खोट्यात पाडू नको. आन् हे पाय झाक!"

पाय कसे? सहा वर्षं फौजी पट्ट्या गुंडाळून नडग्या मुळ्यासारख्या पांढऱ्या, आणि वर गुडघे काळे कुळकुळीत! सिद्धप्पानं ओढ्यातला चिखल दोन्ही नडग्यांना थापला. अंकुश मला सांगायचा, लढाईत फुटला नाही एवढा घाम तो चिखल वाळताना बघून फुटला. वाळला की खपल्या गळायच्या. दर ओढ्याला थांबायचं, नवा थापायचा.

वेशीत वीरभद्रप्पा कुऱ्हाड घेऊन बसलेला. गंजी जळाली ती त्याचीच.

"चंद्रभागाबाईचा अंकुश न्हवं तू? कुठून यायलास?"

"गिरणीतून, अप्पा."

"गिरणीतून का म्हशीच्या डबक्यातून?"

"ओढ्याला पाणी हाय, अप्पा."

वीरभद्रप्पानं सोडलं खरं, पण पाठोपाठ चालत आला. मागं आणखी चौघं.

पोरगं आल्याची हाक आधीच घरी पोचली होती. माय दारात तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभी. परगावाहून आलेल्याच्या पायावर पाणी घातल्याबिगर उंबरा ओलांडू द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तुकडा ओवाळून झाला आणि अंकुश पाय मागं घ्यायला लागला.

"माय, राहू दे, मी धुतो."

"गप उभा ऱ्हा! सहा वर्षांनी आलायस."

तिनं अख्खा तांब्या ओतला, वर हातानं चोळून चोळून धुतलं.

चिखल गेला. माय त्या पांढऱ्या नडग्यांकडं बघत तशीच वाकलेली.

वीरभद्रप्पानं कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली. "का गं चंद्रभागाबाई, गिरणीत पायाला पट्ट्या बांधत्यात व्हय?"

उत्तर अंकुशनं दिलं, ते त्याच्याच शब्दांत सांगतो:

"तिला इचारू नका, अप्पा. फौजेत मी होतो, ती नव्हती. तुमची गंजी मी जाळली न्हाई, पर खाकी माझ्या अंगावर होती. काय करायचं ते माझं करा. पर मायच्या अंगणात नको, वेशीपाशी चला."