सिस्टरची सुट्टी

पंखा पुसायला स्टुलावर चढलो आणि धुळीआधी मीच खाली आलो. म्हणून नांदेडच्या एका दवाखान्यात पाय बांधून पडलो होतो. तिथल्या एक सिस्टर हिमायतनगरकडच्या. सलाईन अडलं की बाटलीला टिचकी मारून म्हणायच्या, "चल गं माय, तू तरी चल!"

एका सकाळी नाईट संपवून त्या आयाबाईंना सांगत होत्या, "सारखी नाईटच लावून राहिले मला. सोडते आता नोकरी."

मी मध्येच विचारलं, "सिस्टर, सुट्टी कधी?" घरी कधी सोडणार, एवढंच मला विचारायचं होतं.

त्या थबकल्या. "माझी? काका, आजवर कुणी इचारलंच न्हाई हो!"

आता खरं सांगायची छाती कुणाची? मी साळसूदपणे म्हणालो, "मग! माणसाला आराम नको?"

त्या तडक मोठ्या सिस्टरांकडे गेल्या. "पेशंटला दिसून राहिलं, तुम्हाला दिसत न्हाई का?" हे अख्ख्या वॉर्डाला ऐकू आलं. परतल्या त्या हसतच. "सोमवारपासून दिवसपाळी! आता कशाला सोडते नोकरी?"

माझ्या सुट्टीचं मी डॉक्टरांना हळूच विचारलं, तेही सिस्टर घरी गेल्यावर.